एसआयपी साठलेली रक्कम वाचवत नाही

महोदय,

‘एसआयपी लावा, बाजार पडला तरी चिंता नाही,’ हे सीताबर्डीपासून मनीषनगरपर्यंत छातीठोकपणे सांगितले जाते. एसआयपी म्हणजे म्युच्युअल फंडात ठरावीक हप्त्याने पैसे गुंतवणे. त्या सांगण्यातले अर्धेच खरे आहे.

दरमहा ५,००० रुपये भरले आणि एनएव्ही (फंडाच्या एका युनिटचा भाव) तीन महिने ५०, ४० व ६२.५० राहिली, तर १००, १२५ आणि ८० युनिट मिळतात. १५,००० रुपयांत ३०५ युनिट, म्हणजे सरासरी ४९.१८ रुपयांना, तिन्ही एनएव्हींची सरासरी मात्र ५०.८३ येते. सर्वाधिक युनिट पडत्या महिन्यात आले, आणि नेमक्या त्याच महिन्यात लोक घाबरून एसआयपी थांबवतात! पण हा फायदा खरेदीच्या भावापुरताच. बाजार सलग चढत गेला, तर पहिल्याच दिवशी सगळे गुंतवणारा पुढे राहतो.

खरी गफलत पुढे होते. दहा वर्षे दरमहा १०,००० भरून १२ लाखांचे समजा २० लाख झाले. बाजार २० टक्के पडला की ४ लाख उतरले. त्या महिन्याचा हप्ता साठ्याच्या अर्धा टक्का. तो सरासरी कितीशी खाली आणणार? रोजची एसआयपी केली किंवा हप्त्याची तारीख बदलली तरी यात काडीचा फरक पडत नाही. मुलांचे शिक्षण दोन-तीन वर्षांवर आले की साठा टप्प्याटप्प्याने इक्विटीतून (शेअरमधून) काढावाच लागतो, आणि ते काम एसआयपी करत नाही.

ग्रॅच्युइटी असो की काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराचे आंबिया बहाराचे पैसे, रक्कम एकदम हाती येते. अशांनी ती लिक्विड फंडात (अल्पमुदतीच्या, कमी जोखमीच्या कर्जरोख्यांच्या फंडात) ठेवून त्याच फंड हाउसच्या (फंड चालवणाऱ्या कंपनीच्या) इक्विटी योजनेत एसटीपी लावावी, म्हणजे ठरावीक रक्कम एका योजनेतून दुसरीत हलवत राहावी. ६ लाख असतील तर दरमहा ५०,००० प्रमाणे वर्षभरात. यात परतावा वाढेलच असे नाही. पैसे टाकल्याबरोबर बाजार कोसळला तर झळ कमी बसते, इतकेच. प्रत्येक एसटीपी म्हणजे लिक्विड फंडातील विक्री असते आणि तिचा नफा उत्पन्नात धरला जातो, हे सांगायचे बहुतेक जण विसरतात. पहिल्या सहा दिवसांत पैसे हलवल्यास किरकोळ एक्झिट लोडही (लवकर काढण्याचे शुल्क) लागतो.

ईएलएसएसचा (करबचतीच्या इक्विटी योजनेचा) तीन वर्षांचा लॉक-इन, म्हणजे पैसे काढता न येण्याची मुदत, प्रत्येक हप्त्याला स्वतंत्र लागतो. जानेवारी २०२४ ला सुरू केलेल्या एसआयपीचा डिसेंबरचा हप्ता डिसेंबर २०२७ मध्ये मोकळा होईल. इक्विटी योजनांचा एक्झिट लोड आणि दीर्घकालीन भांडवली नफ्यासाठीची एक वर्षाची मुदतही अशीच हप्त्यागणिक मोजतात.

हप्ता चुकला तर फंड हाउस दंड घेत नाही. बँक मात्र मँडेट (खात्यातून हप्ता वळता करण्याची परवानगी) परत गेल्याचे शुल्क कापते. मासिक हप्ता सलग तीनदा चुकला की एसआयपी रद्द होते. आधीचे युनिट मात्र खात्यात जसेच्या तसे राहतात.

– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर