आणखी एक वर्ष

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर जे अर्धेच सांगितले, ते आज पूर्ण लिहिते आहे. इथे अमेरिकेत, साउथ डकोटातल्या ईगल ब्यूट गावच्या शायेन रिव्हर यूथ प्रोजेक्ट या मुलांच्या केंद्रात आणखी एक वर्ष राहण्यास मी गेल्याच आठवड्यात होकार कळवला. आधी तुम्हाला विचारायला हवे होते, हे मला ठाऊक आहे. तुम्ही नाही म्हटले नसतेत, पण बाबांचा आवाज बारीक झाला असता आणि मग माझ्याने होकार देववला नसता.

आई, पहिली काळजी तुझी. मी नीट जेवते. मिनियापोलिसहून आणलेले तांदूळ, तूरडाळ आणि तुझा गोडा मसाला अजून पुरतो आहे. खोली उबदार आहे, जाड कोट आहे, आणि बर्फ पडू लागला की मी एकटी गाडी घेऊन लांब जात नाही.

बाबा, तुम्ही मागे विचारले होते की, मुलांसाठीच काम करायचे तर ते आपल्याकडे का नाही. त्या प्रश्नाने मला फार दिवस झोप लागू दिली नाही. हे केंद्र १९८८ मध्ये गावातल्या एका जुन्या दारूच्या गुत्त्याच्या जागेत सुरू झाले. आज लहानांसाठी वेगळी इमारत आहे, तेरा वर्षांपुढच्यांसाठी २००६ पासून 'चोकाता विचोनी' हे वेगळे केंद्र आहे, आणि भिंती रंगवायला मोकळे कलाउद्यान आहे. पण माझा जीव गुंतला तो अडीच एकरांच्या बागेत. इथल्या लकोटा, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी एका जमातीच्या, कुटुंबांची सुपीक जमीन मिसुरी नदीच्या काठी होती. त्या नदीवरच्या ओआहे धरणाच्या पाण्याखाली त्यांच्या या राखीव क्षेत्राची एक लाखाहून अधिक एकर जमीन गेली. झाडी, रानप्लम, औषधी वनस्पती सारे बुडाले, आणि कारभाराचे गाव नदीपासून दूर, या उघड्या माळावर हलवावे लागले. हे प्रथम ऐकले तेव्हा मला आजी दिसली, कोयना धरणाच्या शिवसागराच्या पाण्याकडे बोट करून 'तिथं आपला उंबरा' म्हणणारी. आपले घर पाण्याखाली गेले तेव्हा बाबा, तुम्ही सात वर्षांचे होतात. म्हणून हे काम मला परक्याचे वाटत नाही. परवा आठ वर्षांच्या एका मुलीने स्वतः तोडलेल्या टोमॅटोंतला सर्वांत मोठा 'उन्ची'साठी बाजूला ठेवला. लकोटा भाषेत आजीला उन्ची म्हणतात. मी पण आजीसाठी पहिली काकडी अशीच फ्रॉकच्या घोळात लपवून आणत असे, आठवते ना?

दिवाळीला मला येता येणार नाही. हे लिहितानाही हात थांबतो आहे. पण बाबांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला, फेब्रुवारीत, मी तीन आठवडे येणारच. तिकीट काढले आहे. तोवर बाबा, रक्तदाबाची गोळी एकही दिवस चुकवायची नाही, आणि 'आज बरे वाटते' हे कारण मी ऐकणार नाही. जिना चढून टाकीत डोकावायचे नाही, ते दादा पाहील. आई, तू माळ्यावरचे डबे स्टुलावर चढून काढू नकोस आणि फराळ पूर्वीइतका करत बसू नकोस. वहिनी करील तेवढा पुरे. मी रागावून लिहीत नाही, मला भीती वाटते म्हणून लिहिते.

इथे सकाळचे साडेसात वाजतात तेव्हा सध्या तुमच्याकडे संध्याकाळचे सात झालेले असतात. दिवा लावून झाला की मला फोन करा. मुले शाळेनंतर येतात, त्यामुळे त्या वेळी मी मोकळी असते.

बाबा, एक मागणे आहे. बी-बियाणे पाठवू नका, ते टपालाने इथवर येऊ देत नाहीत. त्याऐवजी आजी नदीकाठच्या वावरात काय काय लावत असे, कोणत्या महिन्यात, कोणता घेवडा कशावर चढवत असे, ते आठवेल तसे लिहून पाठवा. मुलांना सांगेन म्हणून मी शब्द दिला आहे.

तुमची,
छकुली