सुधाकर समजावून देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

‘एकच प्याला’च्या तालमींना तुम्ही संध्याकाळमागून संध्याकाळ येऊन बसलात, त्याबद्दल हे जाहीर पत्र. आभार सगळ्या मंडळाचे आहेत. पण नाटकाचा नायक सुधाकर माझ्या वाट्याला आला होता, म्हणून ऋण माझ्यावर जास्त.

१९१९ साली गंधर्व नाटक मंडळीनं हे नाटक रंगभूमीवर आणलं, तेव्हा नाटककार राम गणेश गडकरी हयात नव्हते. पुढं त्यावर ‘दारूच्या दुष्परिणामांचं नाटक’ असा शिक्का बसला. तुम्ही आल्याआल्याच विचारलंत, “दारू बाजूला ठेवा. हा माणूस मुळात कसा आहे?” माझी भूमिका तिथून सुरू झाली. बुद्धिमान वकील, आणि मानी. ज्या मानीपणामुळे तो भर कोर्टात मुन्सफापुढे नमत नाही आणि वकिलीची सनद घालवून बसतो, तोच त्याला दारुड्या तळीरामाच्या प्याल्यापर्यंत नेतो. दारू सोडून कामासाठी दारोदार हिंडताना झालेला अपमान सोसवत नाही, तोही त्याच स्वभावापायी. नायक ना पुरता सज्जन ना दुर्जन, आणि घात त्याच्याच हातून, हे ॲरिस्टॉटलचं म्हणणं मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. अंगात उतरलं ते तुमच्यामुळे.

तुमचा दुसरा हट्ट होता दारू सोडण्याच्या शपथेचा. “नाटक सुखान्त आहे असं समजून ती घे,” म्हणालात. किती खरं! हा माणूस आता सावरणार, अशी आशा प्रेक्षकांना वाटलीच नाही, तर त्याच्या पडण्यानं त्यांचं काय जाणार?

वेळेसाठी आर्य मदिरा मंडळाचे, म्हणजे नाटकातल्या दारुड्यांच्या टोळक्याचे, विनोदी प्रवेश कापायचं घाटत होतं, तेही तुम्ही थांबवलंत. प्रयोगात लोक त्या प्रवेशांना खळखळून हसले, आणि पुढं दारूच्या नशेत सुधाकरच्या हातून त्याचंच मूल दगावतं तेव्हा थिएटरात जी शांतता पसरली, तिच्यात ते हसूही जड झालेलं होतं.

सुधाकरची बायको सिंधू हिच्याबद्दल मात्र माझं मन अजून पुरतं वळलेलं नाही. फौजदारासमोर नवऱ्याला वाचवायला ती खोटं बोलते, हे आज पचवणं कठीण आहे. पण “तिला सगळं कळतंय, असंच दाखवा” ही तुमची सूचना आमच्या सिंधूनं पाळली, आणि त्या क्षणी सुधाकर म्हणून मला तिच्याकडे बघवेना. पुढचं विष घेणं मला वेगळं रंगवावं लागलंच नाही.

तुमची खुणा केलेली संहिता माझ्याकडेच आहे. पुढच्या प्रयोगापर्यंत राहू द्यावी, ही विनंती.

आपला,
मंडळातला सुधाकर