तुटलेला दात वाचवणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

सायकलवरून पडलेल्या लेकीला घेऊन आलो, तेव्हा तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरले होते. वरचा पुढचा दात अर्धा तिरका तुटलेला. पण तुम्ही दाताला लगेच हात लावला नाहीत. शुद्ध हरपली होती का, उलटी झाली का, हे आधी विचारलंत. मग सुजलेला ओठ चाचपलात, आत दाताचा कण रुतलाय का ते बघायला. हे माझ्या डोक्यातही आलं नसतं.

तुकडा आमच्याकडे होता, आणि तोही ओला. फोनवर तुमच्या असिस्टंट ताईंनी ‘दुधात नाहीतर पाण्यात टाकून आणा, कोरडा पडू देऊ नका’ असं बजावलं होतं. तुम्ही तो जागेवर धरून पाहिलात, बरोब्बर बसला. एक्स-रेत मूळ शाबूत होतं, नसही उघडी पडलेली नव्हती.

घरात तोवर सगळ्यांचं ठरलं होतं: रूट कॅनाल करायचं, कॅप बसवायची. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘बारा वर्षांच्या मुलीच्या दातात नस मोठी असते. कॅपसाठी उरलेला चांगला दात का घासायचा? कॅप नंतरही बसवता येईल, घासलेला दात परत येत नाही.’ खरे आभार मला या बोलण्याचे मानायचे आहेत. कॅप बसवून मोकळं होणं तुम्हालाही सोपं होतं.

मग तोच तुकडा परत चिकटवायचं ते नाजूक काम. फटीत भरायच्या कॉम्पोझिटची, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाची, छटा दात ओला असतानाच निवडलीत, कारण सुकलेला दात जास्त पांढरा दिसतो. अ‍ॅसिडची जेल, धुणं, चिकटवायचा बाँड, तो घट्ट करणारा निळा लाईट, शेवटी रंगीत कागद चावायला लावून दात कुठे उंच लागतोय ते पाहणं. लेक आरशात बघून म्हणाली, ‘कुठला तुटलेला होता?’ मलाही रेघ शोधावी लागली.

तुम्ही खोटा दिलासाही दिला नाहीत. तुकडा पुन्हा निघू शकतो, मार बसलेली नस काही महिन्यांनीही मरू शकते, दात काळपट पडला तर लगेच या, हे स्पष्ट सांगितलंत. म्हणून दर तपासणीला दाताला गार लावता आणि ती ‘आई गं!’ ओरडली की मला हायसं वाटतं. तिला अर्थातच नाही.

पुढच्या वेळी ती माउथगार्ड, म्हणजे दातांना मारापासून जपणारं कवच, मागणार आहे. जांभळा मिळेल का, असं विचारतेय.

तुमची आभारी,
एका पेशंटची आई