रविवारचा पदवी समारंभ : माजी विद्यार्थ्यांना सूचना

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी साडेनऊला कॉलेजच्या सभागृहात यंदाच्या पदवीधरांचा समारंभ आहे. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांनी सोबत काय न्यावं, यावर प्राचार्य मॅडम बोलणार आहेत. त्यांनी विषय आपल्या गावातलाच घेतलाय: डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेला. युद्धात जखमी झालेल्यांवर उपचार करत तिथेच राहिला आणि १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेला. हल्लीच्या मुलांना पॅकेजचे आकडे तोंडपाठ असतात. हे वर्ष कितीजणांना माहीत असेल, शंकाच आहे.

मॅडमनंतर आपल्यापैकी चौघांनी बोलायचं आहे. नावं शुक्रवारपर्यंत इथेच कळवा.

- प्रत्येकी पाच मिनिटं. स्वतःच्या पदांची यादी नको. नोकरीत प्रामाणिकपणा कुठे महागात पडला, ते सांगा.
- हार-तुरे, शाल-श्रीफळ बंद. पाहुण्यांना सोलापुरी टॉवेल द्यायचा, तो समिती आणेल.
- पुढच्या तीन रांगा पालकांसाठी. तिथे आपण बसायचं नाही, सिनियर असलो तरी!

नंतर कडक भाकरी, शेंगाचटणी आहेच. येणाऱ्यांनी आकडा कळवा, भाकऱ्या आदल्या दिवशीच सांगाव्या लागतात.