तीन दारांची जिम्नी आणि आमचा धनगरवाडा

प्रति,
संपादक महोदय,

विषय : आपल्याकडे बनणाऱ्या, पण आपल्याला न मिळणाऱ्या गाडीबाबत

स. न. वि. वि.

सुझुकीच्या, भारतात बनलेल्या जिम्नीसाठी (चारही चाकांना ताकद देणारी छोटी जीपसारखी गाडी) जपानमध्ये उड्या पडल्या, हे कौतुक आपल्या अंकात वाचलं. कौतुक खरंच आहे. पाच दारांची ही गाडी 2025च्या जानेवारीअखेर तिथे जाहीर झाली, चार-पाच दिवसांत 50,000 जणांनी मागणी नोंदवली आणि महिन्याला 1,200 गाड्या विकण्याचा अंदाज बांधून बसलेल्या कंपनीला नोंदणी बंद करावी लागली. ज्या देशात 1970 साली पहिली जिम्नी निघाली, त्याच देशाला आज गुरुग्रामहून गाड्या जातात. छाती फुगावी अशीच गोष्ट आहे. पण या कौतुकात जिम्नीच्या मूळ, तीन दारांच्या रूपाचं नावही नव्हतं, आणि माझं सगळं घोडं तिथेच अडलं आहे.

मी पशुवैद्य आहे. भोर तालुक्याच्या पश्चिमेला, नीरा-देवघर धरणाच्या वर, हिर्डोशी खोऱ्यात माझं काम चालतं. वरंध घाटाचा रस्ता पावसाळ्यात बहुतेक दर वर्षी बंद होतो हे वाचकांना बातम्यांतून ठाऊक असेल. त्या रस्त्यावरून डोंगरात शिरणाऱ्या वाटांची मात्र बातमी होत नाही. धनगरवाड्यांवर जाणाऱ्या या वाटा उन्हाळ्यात जीपची चाकोरी असतात आणि आषाढात ओढा होतात. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं. समोरून बैल आला तरी कुणीतरी मागे सरायचं, आणि ते बहुधा मीच.

दोन वर्षांपूर्वी आषाढात रात्री फोन आला, "डॉक्टर, म्हस अडलीया, रेडकू आडवं आलंय." माझी जुनी मारुती जिप्सी तेव्हा गॅरेजात होती, म्हणून मित्राची गाडी मागून घेतली. दिसायला रुबाबदार, जाहिरातीत नदीनाले तुडवणारी. तिच्या इंजिनाची ताकद दोनच चाकांना जाते, हे मला माहीत होतं, तरी गेलो. पहिल्याच बांधावर इंजिनाखालचा तेलाचा चेंबर लागला, तेल गळलं आणि पुढे सव्वा तास डोक्यावर पेटी घेऊन चालत गेलो. म्हैस वाचली, रेडकू गेलं. दोष गाडीचा नाही. ती त्या वाटेसाठी बनवलेलीच नव्हती, चुकीचं जनावर मी नांगराला जुंपलं.

माझी जिप्सी 1999 सालची, तिसऱ्या मालकाकडून घेतलेली. जिप्सी आपल्याकडे 1985च्या अखेरीस आली आणि 2019मध्ये सुरक्षेचे नवे नियम आल्यावर सर्वसामान्य गिऱ्हाइकासाठी बंद झाली. नियम योग्यच होते. एअरबॅग नसलेल्या, समोरची धडक सोसण्याची शाश्वती नसलेल्या गाडीत मी रोज बसतो, मला त्याचं भूषण वाटत नाही. पण वीस वर्षांवरच्या अशा गाडीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क 2025च्या ऑगस्टपासून 5,000चं 10,000 झालं. जुनी गाडी सोडा, असा त्याचा अर्थ. सोडतो हो. पण मग घेऊ काय?

जिप्सीची खरी वारस तीन दारांची जिम्नी. ती आपल्याकडेच बनू लागली. 2021च्या जानेवारीत 184 गाड्यांची पहिली खेप मुंद्रा बंदरातून कोलंबिया, पेरूकडे रवाना झाली. लॅटिन अमेरिका, आखाती देश, आफ्रिका, सगळीकडे ती जाणार होती. आपल्या शोरूममध्ये मात्र ती आजतागायत आलेली नाही. आपल्यासाठी 2023च्या जूनमध्ये आली ती पाच दारांची.

"मग ती घ्या की," असं मुलगा म्हणतो. घेतली असती. पण दोन जादा दारांसाठी पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 340 मिलिमीटरने वाढवावं लागलं. शहरात हा आकडा कुणी मोजणार नाही. बांध ओलांडताना मात्र पुढची चाकं उतरलेली असतात, मागची चढायची असतात आणि मधलं पोट टेकतं. पोट न टेकता ओलांडता येणारा उंचवट्याचा कोन तीन दारांच्या गाडीत 28 अंश, पाच दारांच्या गाडीत 24. वळायला लागणारी त्रिज्या एकीला 4.9 मीटर, दुसरीला 5.7. दरडीच्या कडेने नागमोडी वर जाताना एका दमात वळणं आणि दोनदा मागे-पुढे करणं यांत काय फरक असतो, हे मागच्या चाकाखाली दरी असल्याशिवाय कळत नाही.

कंपनीची बाजूही मला दिसते. पाच दारांचीसुद्धा इथे अपेक्षेइतकी खपली नाही; बाजारात आल्याच्या सहा महिन्यांत पावणेतेरा लाखांची किंमत एका खास आवृत्तीच्या नावाने पावणेअकरावर आणावी लागली. मग चार माणसं बसली की सामानाला जागा न उरणारी, मागे जायला पुढची सीट दुमडावी लागणारी तीन दारांची गाडी इथलं कुटुंब का घेईल? कारखानदाराला धर्मादाय दवाखाना चालवायचा नाही. पण गिऱ्हाईक नाही म्हणून गाडी नाही, हे अर्धंच खरं आहे. गिऱ्हाईक कमी राहील अशी तजवीज आपल्या कररचनेनेही केली आहे.

2025च्या 22 सप्टेंबरपासून लागू झालेला जीएसटी पाहा. पेट्रोल गाडी चार मीटरच्या आत आणि इंजिन 1,200 सीसीपर्यंत असेल तर 18 टक्के. डिझेलला हीच मर्यादा 1,500 सीसी. यातली एक अट मोडली की थेट 40 टक्के. तीन दारांची जिम्नी मागच्या स्टेपनीसकट 3.65 मीटरच्या आत बसते, म्हणजे मर्यादेपेक्षा हातभर आखूड. पण इंजिन 1,462 सीसीचं, म्हणून तिची रवानगी आलिशान गाड्यांच्या पंगतीत. वर राज्याचा रस्ता कर आहेच. पूर्वी उपकर धरून 45 टक्के होता, आता 40, एवढाच दिलासा.

याच नियमाची दुसरी बाजू महिंद्रच्या, नाशकात बनणाऱ्या थारमध्ये दिसते. दीड लिटर डिझेलची, फक्त मागची चाकं फिरवणारी थार 18 टक्क्यांत बसते. चारही चाकं ओढणारी, चढाला खालचा गिअर टाकता येणारी थार मोठ्या इंजिनासह येते, तिला 40. डोंगराचं नुसतं रूप घ्याल तर सवलत, डोंगर चढाल तर दंड! त्याआधीच्या नियमात तर जमिनीपासूनची उंची 170 मिलिमीटर किंवा जास्त असणं हीसुद्धा मोठ्या गाडीवर चढा उपकर बसण्याची एक अट होती. आमच्या रस्त्यांवर ती उंची चैनीची आहे असं ज्यांना वाटलं, त्यांनी कधीतरी हिर्डोशीला यावं. चहा माझ्याकडे.

काम आणि चैन वेगळी मोजता येतात, हे इतर देशांनी दाखवलं आहे. धुराच्या नियमांमुळे ब्रिटनमध्ये 2020 साली चार सीटची जिम्नी बंद झाली. पुढच्याच वर्षी ती मालवाहू गाडी म्हणून परत आली. मागची सीट काढली, तिथे सपाट तळ आणि मधे जाळी. मेंढपाळाच्या, पशुवैद्याच्या कामाला चालेल अशीच. आपल्या महिंद्रने 2018मध्ये अमेरिकेत मिशिगनमधून 'रॉक्सर' विकायला काढली, ती तर आपल्या जुन्या थारचीच सख्खी बहीण. सार्वजनिक रस्त्यासाठी नाही, शेतात-माळावर वापरण्याची गाडी, अशा वेगळ्या वर्गात ती विकली गेली. पुढे चेहरा जीपसारखा दिसतो म्हणून खटला झाला, 2020मध्ये निकाल विरुद्ध गेला आणि चेहरा बदलावा लागला, ते सोडा. मुंबईत 1940च्या दशकात सुटे भाग जोडून विलीस जीप उभी करणारी ही कंपनी. तिच्या त्या साध्या डिझेल गाडीला अमेरिकन शेतकऱ्यासाठी एक वर्ग होता. इथल्या शेतकऱ्यासाठी धुराचे बीएस-6 नियम आले आणि जुनी थार संपली.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. मालवाहू गाड्यांना आता 18 टक्केच जीएसटी आहे. तीन दारांची जिम्नी मागची सीट काढून, दोन माणसांची मालवाहू गाडी म्हणून मान्य करून घेता येईल का, याचा कंपनीने आणि परिवहन खात्याने विचार करावा. पशुवैद्य, वनरक्षक, वीज मंडळाचे तारमन, लसीची पेटी घेऊन फिरणाऱ्या आरोग्यसेविका, कुणालाच मागची सीट लागत नाही. या सवलतीत शहरी हौशी लोकही घुसतील, हा आक्षेप खरा ठरेल. पण दोन सीट आणि मधली जाळी पाहून त्यातले बरेच आपणच परत फिरतील.

दुसरी गोष्ट, शोरूममध्ये गाडी उभी करायचा खर्च नको असेल तर नको. वर्षातून एकदा आगाऊ रक्कम घेऊन नोंदणी करावी आणि जेवढी नोंद तेवढ्याच गाड्या निर्यातीच्या रांगेतून इकडे वळवाव्यात. सहा-आठ महिने थांबायची आमची तयारी आहे, जिप्सीचे सुटे भाग शोधत आम्ही याहून जास्त थांबलो आहोत.

अशी नोंदणी कुणी सुरू केली, तर पहिला धनादेश माझा धरा. मोठा स्क्रीन नको, रंगही कुठला चालेल. तळाला मात्र रबरी मॅट हवी, शेण आणि रक्त पाण्याने धुता येईल अशी.

आपला,
एक पशुवैद्य
भोर, जि. पुणे
(नाव छापू नये, ही विनंती)