एसटीचं वेळापत्रक विचारणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

परवा केंद्रशाळेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या मुख्य शाळेत, तुम्ही आम्हा शिक्षकांसाठी घेतलेली गणिताची शेवटची कार्यशाळा झाली. निघताना तुमच्याशी बोलायचं होतं, पण आवाजच फुटेना. नुसता नमस्कार करून बाहेर पडले. तोंडी जमलं नाही ते आता लिहिते आहे, आणि उघड लिहिते आहे. तुमच्या कामाला पैसे द्यायचे की नाही हे जे ठरवतात, त्यांच्याही ते वाचनात यावं.

आमची शाळा द्विशिक्षकी. दोघी मिळून सगळे वर्ग सांभाळतो. पटावर कोळ्यांची मुलं, बागायतदारांची मुलं आणि आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी गड्यांची मुलं. आमच्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. तालुक्यातल्याच मुरुडचे धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक होते. दरवर्षी भाषणांतून आम्ही हे अभिमानाने सांगतो. पण त्याच मातीतल्या चौथी-पाचवीच्या पोरांना एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, हे कसं उमजवायचं, याची विचारपूस करायला आमच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं.

प्रशिक्षणं झाली नाहीत असं नाही. पुष्कळ झाली. वरच्यांनी मधल्यांना शिकवायचं, मधल्यांनी आम्हाला. गळक्या पन्हळीतून शेवटच्या माडाला जेवढं पाणी मिळतं, तेवढंच गणित आमच्या वाट्याला यायचं. प्रोजेक्टरवर पाट्या सरकायच्या, समोरचा माणूस त्या वाचून दाखवायचा. कुणी शंका विचारली की ‘ते नंतर बघू’. मग हजेरीपटावर सही, फोटो, प्रमाणपत्र. साडेपाचला सुटायचं आणि तोवर आमच्या बाजूची गाडी गेलेली असायची. रिक्षा करावी तर भाडं खिशातून. घरी तान्हं मूल असलेल्या बाई रडकुंडीला आलेल्या मी पाहिल्या आहेत. एकदा एका साहेबांना हे सांगितलं, तर म्हणाले, ‘नोकरी करायची तर एवढं सोसायला हवं.’ ते वाक्य अजून सलतं.

आणि मग तुमचा फोन आला. विद्यापीठातून, गणिताच्या प्राध्यापकांचा. मी वही-पेन घेऊन बसले. पाठ्यपुस्तकाबद्दल विचाराल, निकालाबद्दल विचाराल असं वाटलं होतं. तुम्ही विचारलंत, ‘तुमच्याकडे एसटीच्या गाड्या कधी कधी असतात? स्टँडवरच्या वेळापत्रकाचा फोटो पाठवाल का?’

मॅडम, त्या एका प्रश्नासाठी हे पत्र आहे.

तुम्ही साडेदहाला सुरू केलंत, कारण त्याआधी खाडीपलीकडची गाडी येत नाही. पावणेचारला संपवलंत, चर्चा रंगात आली असली तरी. एकदा एक सर फळ्यापाशी उभे राहून मांडणी करत होते, तर तुम्ही घड्याळ पाहून म्हणालात, ‘सर, पुढच्या वेळी इथूनच सुरुवात करू, बायकांची गाडी चुकेल.’ आणि पुढच्या वेळी खरंच तिथूनच सुरुवात केलीत. आमच्या गाडीभाड्याचे पैसे तुम्ही प्रस्तावातच मागितले होतेत आणि ते कलम कापा असं सुचवलं गेलं तेव्हा अडून बसला होतात, हे मला तुमच्या सहायकाकडून फार उशिरा कळलं. तुम्ही स्वतः कधी सांगितलं नाहीत.

मग मन मोकळं झालं, म्हणूनच मला प्रश्न विचारता आला. अपूर्णांकाचा भागाकार करताना खालचा अपूर्णांक उलटा करून गुणायचं, ते का? इतकी वर्षं शिकवते आहे, पण मला कुणी ते सांगितलं नव्हतं आणि विचारायची जागाही नव्हती. तुम्ही हसला नाहीत. ‘तुमच्या गावात आंबे कसे मोजतात?’ असं विचारलंत. डझनाने, अर्थात. अर्ध्या डझनात पाव डझन किती वेळा मावतं? एका डझनात चार वेळा, म्हणून अर्ध्या डझनात चारच्या निम्मे, दोनदा. पाव उलटा करून चारने गुणलं, झाला की भागाकार!

त्या दिवसापासून डझन आमच्या वर्गात ठाण मांडून बसला आहे. डझनाचा तिसरा भाग चार, चौथा भाग तीन. ‘चार मोठा म्हणून एक चतुर्थांश मोठा’ असं ठामपणे म्हणणारी मुलं स्वतःच गप्प झाली. एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश बरोबर दोन सप्तमांश, हे उत्तर तर दरवर्षी येतं. पूर्वी मी लाल फुली मारायची. आता मुलं चार आणि तीन आंबे मिळवतात, सात होतात, आणि बारातले सात म्हणतात. ‘बाई, दोन सप्तमांश तर एक तृतीयांशाहूनही कमी आहे, मग मिळवून कमी कसं होईल?’ हे एका नेपाळी मुलीने विचारलं. तिच्या वडिलांना मराठी जेमतेम येतं. तिचा तो प्रश्न मी तुम्हाला कळवला, तर तुम्ही तो पुढच्या कार्यशाळेत तिच्या नावाने मांडलात. गावातल्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे अजून तोंडपाठ आहेत. त्यांना आम्ही वर्गात बोलावतो. हेही तुमच्यामुळेच सुचलं.

आता थोडं पैशाबद्दल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावं असं लिहिलं आहे. तास भरणं सोपं आहे. प्रश्न आहे तो त्या तासांत कोण येतं आणि पुन्हा येतं का, याचा. शाळेच्या गणित-विज्ञानात विद्यापीठाने रस घ्यावा, ही नवी गोष्ट नाही. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून हे काम करतं. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ साली विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक खेड्यातल्या शिक्षकांबरोबर बसून काम करत. तीस वर्षं चाललेला तो कार्यक्रम २००२ मध्ये सरकारने बंद केला. असं काम उभं राहायला वर्षं लागतात आणि मोडायला एक आदेश पुरतो, म्हणून मला भीती वाटते.

निधी देणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. इमारत नको, टॅब नको. गणित जाणणारा माणूस आमच्या केंद्रावर परत परत येईल, आमच्या मुलांच्या वह्या वाचेल, आणि आम्हाला वेळेवर घरी जाता येईल, एवढ्यासाठी पैसे द्या. एका वर्षासाठी देऊ नका. पहिलं वर्ष तर आमची भीड चेपण्यातच जातं.

विद्वान माणसं मी पाहिली आहेत. समोरच्याची गाडी चुकू नये याची काळजी करणारी विद्वान माणसं फार थोडी पाहिली. माणुसकी ही शिकवण्याच्या आधीची गोष्ट आहे असं मला तुमच्याकडे पाहून वाटतं. ज्याला माझ्या थकव्याची जाणीव आहे, त्याच्यासमोर मला शंका विचारायला संकोच वाटत नाही. माझ्या वर्गातल्या मुलांचंही तसंच असतं.

पुढच्या निधीसाठी पुन्हा अर्ज करणार आहात असं कानावर आलं. त्यासाठी आमचं पत्र लागलं, वह्या लागल्या, कुणासमोर येऊन बोलायला लागलं तर नुसता निरोप द्या. केंद्रातले सगळे सह्या करायला तयार आहेत, मी विचारून ठेवलं आहे. आणि शेजारच्या केंद्रातल्या बायका विचारताहेत की त्यांच्याकडे कधी येणार. त्यांच्या गाड्यांच्या वेळा मी काढून ठेवल्या आहेत.

आपली कृतज्ञ,
दापोली तालुक्यातली एक प्राथमिक शिक्षिका