जुन्या माहितीपुस्तिका आणि जाहिराती रद्दीत जाऊ नयेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पुण्या-मुंबईत सध्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचा वेग मोठा आहे आणि त्यासाठी हजारो कुटुंबे आपली बिऱ्हाडे हलवत आहेत. अशा वेळी तांब्या-पितळेच्या भांड्यांचे काय करायचे, सागवानी कपाट कोणी न्यायचे, यावर घराघरांत चर्चा होते. माळ्यावरच्या कागदांच्या गठ्ठ्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. तो किलोच्या भावाने रद्दीवाल्याकडे जातो. शिलाई मशीन, रेडिओ, प्रेशर कुकर, फ्रिज यांच्या माहितीपुस्तिका, त्यांची हमीपत्रे आणि पावत्या, स्कूटर-मोटारींची छापील पत्रके, जुन्या मासिकांचे अंक असे बरेच काही त्या गठ्ठ्यात असते. असे कागद मी अनेक वर्षे जमवतो आहे, आणि ते किती झपाट्याने नाहीसे होत आहेत हे प्रत्यक्ष पाहत असल्यामुळे आपल्या वृत्तपत्रातून वाचकांना एक कळकळीची विनंती करू इच्छितो.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिवे, अडकित्ते आणि स्वयंपाकघरातील भांडी आज आपण कौतुकाने पाहतो. दिनकर केळकरांनी ती वस्तू-वस्तू करून जमवली तेव्हा ज्यांच्या घरातून ती आली त्यांतल्या अनेकांना ती अडगळच वाटत होती. विसाव्या शतकात वीज घरात आली आणि तिच्याबरोबर मराठी कुटुंबाचे राहणीमान बदलले. त्या बदलाची उपकरणे जड असल्यामुळे काही प्रमाणात तरी टिकली, जुन्या बाजारात आजही सापडतात. ती कशी वापरत, कोणासाठी बनवली होती आणि विकत घेताना गिऱ्हाइकाला काय सांगितले जात होते, हे मात्र त्यांच्याबरोबर आलेल्या कागदांतूनच कळते.

माझ्या संग्रहातील एका व्हॉल्व्हच्या (म्हणजे ट्रान्झिस्टरपूर्वीच्या, काचेच्या नळ्यांच्या) रेडिओची पुस्तिका उदाहरण म्हणून सांगतो. तिची पहिली काही पाने रेडिओबद्दल नाहीतच; ती एरियलबद्दल आहेत. गच्चीवर दोन खांबांमध्ये तार किती उंचीवर ताणावी, चिनी मातीचे इन्सुलेटर कुठे बसवावेत, अर्थिंगची तार ओलसर जमिनीत कशी पुरावी, पावसाळ्यात वीज चमकू लागली की कोणती कळ फिरवावी, हे सारे आकृत्यांसह दिले आहे. पुढे व्होल्टेज निवडण्याची पट्टी आहे, कारण गावोगावचा वीजपुरवठा सारखा नव्हता आणि काही ठिकाणी तो डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, होता. शेवटच्या पानाला घडी घातलेली सर्किटची आकृती चिकटवलेली आहे, म्हणजे गावातल्या कारागिराला तो संच उघडून दुरुस्त करता येईल असेच बनवणाऱ्याने गृहीत धरले होते. या पुस्तिकेच्या आत पोस्टाच्या शिक्क्यांनी भरलेले रेडिओचे परवानापुस्तकही मिळाले. १९३३ च्या कायद्यानुसार घरात रेडिओ ठेवायला परवाना लागत असे आणि त्याचे शुल्क पोस्टात भरावे लागे, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्यांना खरी वाटत नाही; ते पुस्तक हातात दिले की वाटते.

स्वयंपाकघराची कथा याहून अधिक बोलकी आहे, असे मला वाटते. मुंबईत १९५५ मध्ये बर्माशेल या तेलकंपनीने ‘बर्शेन’ नावाने गॅस घरोघर द्यायला सुरुवात केली आणि १९५९ च्या सुमारास हॉकिन्स आणि प्रेस्टिज हे कुकर भारतात तयार होऊ लागले. त्या सुरुवातीच्या वर्षांतील कुकरच्या पुस्तिकांचा सूर गृहिणीची भीती घालवण्याचा आहे: झाकण केव्हा उघडावे, सुरक्षा झडप कशासाठी असते, वाफ कोंडली म्हणजे नेमके काय होते, हे त्या समजुतीने सांगतात. माझ्याकडील एका प्रतीत डाळींच्या तक्त्यावर पेन्सिलीने फेरफार केलेले आहेत. तूरडाळीपुढे छापलेली वेळ खोडून तिथे ‘भिजवली असेल तर निम्मी’ असे लिहिले आहे, आणि मूळ तक्त्यात नसलेला हरभरा खाली हाताने वाढवला आहे. ही पुस्तिका ज्या स्त्रीच्या हाताखालून गेली तिने कारखान्याच्या सूचना तपासून, आपल्या चुलीला आणि पाण्याला जुळवून घेतल्या. तिच्या या अभ्यासाची दुसरी कोणतीही नोंद कुठे असण्याची शक्यता नाही.

अशा पुस्तिकांवर छपाईचे वर्ष बहुधा नसते आणि म्हणून अभ्यासक त्यांना हात लावायला कचरतात. पण थोड्या सवयीने काळ ठरवता येतो. किंमत रुपये-आण्यांत असेल तर ती १ एप्रिल १९५७ पूर्वीची किंवा फार तर त्या संधिकाळातली. ‘नये पैसे’ असेल तर १९५७ ते १९६४ या दरम्यानची, कारण जून १९६४ पासून ‘नया’ हा शब्द गेला. वजन पौंड-औंसांत आणि वेग मैलांत असेल तर मेट्रिक पद्धत अजून रुळली नव्हती. पत्त्यात ‘मुंबई राज्य’ असेल तर १ मे १९६० च्या आधीचा कागद. ‘मुंबई १’ असा विभाग क्रमांक असेल तर बहुधा १९७२ च्या आधीचा आणि सहा आकडी पिनकोड असेल तर नक्कीच नंतरचा, कारण पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. विक्रेत्याचा रबरी शिक्का, दूरध्वनी क्रमांकातील आकड्यांची संख्या, हमीपत्रावर शाईने लिहिलेली तारीख यांवरून हा अंदाज आणखी पक्का होतो. म्हणूनच पुस्तिकेबरोबर असलेली पावती किंवा हमीपत्र तिच्यापासून वेगळे करू नये, असे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

मोटारींच्या बाबतीत कागदाचे महत्त्व आणखी वाढते, कारण त्यांतून देशाच्या औद्योगिक धोरणाचा आलेख दिसतो. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे सुटे भाग जोडून गाड्या तयार करायला सुरुवात केली. त्या आणि त्यानंतरच्या दशकातील वार्षिकांकांत अमेरिकन आणि ब्रिटिश गाड्यांच्या पानभर जाहिराती दिसतात. चित्रकाराने हाताने रंगवलेली गाडी, कच्चा रस्ता, चढाचा घाट आणि इंजिनाच्या ताकदीचे वर्णन. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून स्वातंत्र्याच्या वर्षी गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या, म्हणजे आयातशुल्काबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या आयोगाच्या, शिफारशींनंतर केवळ जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना येथे राहणे परवडेनासे झाले आणि जनरल मोटर्सने शिवडीचे काम थांबवले. जाहिराती एकापुढे एक मांडल्या की हा बदल डोळ्यांनी दिसतो: नावे कमी होत जातात, नवी मॉडेल्स येणे थांबते, आणि गाडी-स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागण्याच्या काळात तर जाहिरातीचा भर गिऱ्हाईक मिळवण्यावरून गाडीची निगा आणि अस्सल सुटे भाग यांवर सरकतो. त्या काळच्या फियाटच्या मालकपुस्तिकेत ग्रीसचे बिंदू कुठे आहेत, प्लगमधील अंतर कसे तपासावे, नवी गाडी पहिल्या काही महिन्यांत किती वेगापुढे नेऊ नये, हे मालकाने स्वतः करावयाचे काम म्हणून सांगितले आहे. आजच्या पुस्तिका बहुतेक ठिकाणी अधिकृत सेवाकेंद्राकडे जा एवढेच सांगतात. या दोन वाक्यांमधले अंतर हा अर्थशास्त्राच्या आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी प्रबंधाचा विषय आहे, आणि त्याची साधने आपण रद्दीत घालतो आहोत.

मला सर्वांत अधिक चिंता वाटते ती ग्रंथालयांतील जुन्या नियतकालिकांची. मराठी नियतकालिकांचा जाहिरातीशी असलेला संबंध जन्माचा आहे. ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केले तेच मुळी कारखान्याचे नांगर आणि इतर अवजारे यांची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवण्यासाठी. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आजपर्यंत दिवाळी अंकांचा डोलारा जाहिरातींच्या आधारावर उभा आहे. असे असूनही अंकांची बांधणी करताना मुखपृष्ठे आणि पुढच्या-मागच्या जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत बाइंडरांमध्ये रूढ होती. खंड जाड होऊ नये, एवढेच त्यामागचे कारण. परिणाम असा, की कथा-कविता सुस्थितीत सापडतात, पण त्या अंकाचा खर्च कोणी भागवला आणि वाचकाला काय विकले जात होते हे कळायला मार्ग राहत नाही. जे खंड या पद्धतीतून वाचले, ते आता निर्लेखनाच्या, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदीतून कमी करून काढून टाकायच्या ग्रंथांच्या, यादीत जात आहेत.

याच्या जोडीला गेल्या काही वर्षांत एक नवा धोका निर्माण झाला आहे. जुन्या मासिकांतून मोटारींच्या, रेडिओच्या, साबणाच्या जाहिराती पात्याने कापून, चौकटीत बसवून हॉटेले आणि दिवाणखाने सजवण्यासाठी विकल्या जातात. एक अंक फोडून पाच-सहा चौकटी तयार होतात. उरलेला अंक टाकून दिला जातो. कापलेल्या पानावर ना मासिकाचे नाव राहते, ना महिना, ना वर्ष. भिंतीवर लावायला चांगली छायाप्रत पुरेशी असते. संग्राहकांनी, विशेषतः नव्याने या छंदाकडे वळलेल्या तरुणांनी, अशी कापलेली पाने विकत घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मागणी थांबली तरच अंक फोडणे थांबेल.

ज्यांच्याकडे असे कागद आहेत त्यांनी ते जपण्यासाठी फार खर्च करण्याची गरज नाही. त्या काळचा लाकडी लगद्याचा कागद आम्लामुळे आपोआप पिवळा आणि ठिसूळ होतो, म्हणून त्याला उन्हापासून आणि ओलीपासून दूर, आडवा ठेवावा. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात. चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण ते पुन्हा काढता येत नाही. भ्रमणध्वनीवर छायाचित्रे काढणार असाल तर कोरे पान, मागचे मुखपृष्ठ आणि हस्ताक्षरातील नोंदीही घ्याव्यात.

काही उद्योगसमूहांनी आपली दप्तरे नीट सांभाळली आहेत. विक्रोळीचे गोदरेज अभिलेखागार आणि पुण्याचे टाटा सेंट्रल अर्काइव्हज ही त्यांची ठळक उदाहरणे. परंतु बंद पडलेल्या कंपन्यांचे आणि छोट्या कारखान्यांचे दप्तर सांभाळणारे कोणी नाही. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकांनी पुस्तकांच्या प्रती ठराविक ग्रंथालयांना द्याव्या लागतात, पण यंत्राच्या खोक्यातून आलेल्या पुस्तिकेला प्रकाशन असे कोणी मानतच नाही, त्यामुळे ती ग्रंथालयात क्वचितच पोचते. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाने अशा कागदांसाठी एक कपाट राखून ठेवावे, देणाऱ्याचे नाव, गाव आणि वस्तू घेतल्याचे वर्ष नोंदवावे, आणि शासनाच्या ग्रंथालय संचालनालयाने निर्लेखनाच्या सूचनांमध्ये जाहिरातींसह असलेले जुने खंड वगळण्याची स्पष्ट तरतूद करावी, एवढी माझी मागणी आहे. जुनी नियतकालिके स्कॅन करणाऱ्या संस्थांनीही जाहिरातींची पाने गाळू नयेत.

आपल्या वृत्तपत्राच्या जुन्या अंकांतही अशा जाहिराती असतील. त्यांतली एखादी तिच्या मूळ तारखेसह दर आठवड्याला पुन्हा छापली, आणि ती वस्तू ज्यांच्या घरी होती अशा वाचकांकडून आठवणी आणि कागदपत्रांची माहिती मागवली, तर या कामाला घराघरांतून प्रतिसाद मिळेल असा मला विश्वास वाटतो. या सूचनेचा आपण जरूर विचार करावा.

आपला नम्र,
एक संग्राहक वाचक, पुणे